राणीच्या दिव्यांबद्दल माझं लेखी मत

सोमवारी मधल्या सुट्टीत प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मुखपृष्ठावर एक मुलगी, केस वाऱ्यावर, हातात कंदील, मागे बुरुजांचं शहर. शीर्षकाची सोनेरी अक्षरं इतकी उठावदार की आंधळ्यानंही चाचपून वाचावीत.

“हे वाचा आणि शुक्रवारपर्यंत लेखी मत द्या,” त्या म्हणाल्या.

खराडीतल्या त्या इंग्रजी शाळेत मी मराठी शिकवत होते. ग्रंथालय समितीवर माझं नाव होतं ते केवळ मी सर्वांत जुनी म्हणून. समितीची सभा वर्षातून एकदा, चहापुरती व्हायची.

“इंग्रजीच्या मॅडमना विचारलंत का?”

“त्यांनीच मागवलंय ते. त्या कशाला विरुद्ध लिहितील?”

“विरुद्धच लिहायचंय का?”

“तुम्हाला वाटेल ते लिहा. पण लिहा.”

मग त्यांनी एका पालकाचा अर्ज दाखवला. वहीच्या फाडलेल्या पानावर मराठीत लिहिलेला, सहीचा भाग दुमडलेला. पुस्तकात जादूटोणा आहे, त्यातली मुलगी घर सोडून पळून जाते, असली पुस्तकं मुलींच्या हातात देऊ नयेत, एवढाच मजकूर. अक्षर मोठं, जोर देऊन काढलेलं. सही कोणाची ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं.

मंगळवारी सकाळी शनिवारवाड्याजवळ बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मी पुस्तक उघडलं. पहिली साठ पानं मी नुसती चिडले. माणसांची नावं उच्चारता येऊ नयेत अशा बेतानं ठेवलेली. जो तो देखणा. नायिका चौदा वर्षांची, तिचे डोळे दर चार पानांनी रंग बदलणारे. घोडे बोलत नव्हते हीच काय ती मेहेरबानी. मी पेन्सिलीनं एका कागदावर दोष टिपत होते आणि येरवडा येईपर्यंत कागद भरला होता. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. दुसऱ्याच्या पुस्तकातल्या चुका काढताना वेळ फार छान जातो.

मग ती दिव्यांची गोष्ट आली.

त्या राज्यात तेल नव्हतं. राणीच्या शहरातले दिवे माणसांच्या आठवणींवर जळायचे. प्रत्येक मुलाला चौदावं वर्ष लागलं की राणीची माणसं घरी यायची आणि त्याची सर्वांत उजळ आठवण काढून न्यायची. दुखत नसे. मूल दुसऱ्या दिवशी उठून नेहमीसारखं न्याहारी करायचं. आपलं काय गेलं हे त्याला कधीच कळायचं नाही, कारण जे गेलं तेच आठवायला हवं होतं. नायिकेची आई लहानपणीच वारलेली. राणीची माणसं आईची आठवण न्यायला येणार हे तिला आदल्या संध्याकाळी कळतं आणि ती घर सोडते.

मी मान वर केली तेव्हा बस वाघोलीत शिरत होती. माझा स्टॉप केव्हाच मागे पडला होता.

रिक्षा करून शाळेत पोचले तेव्हा पहिला तास निम्मा संपला होता. इतक्या वर्षांत मी कधी उशिरा आले नव्हते. वर्गात गेले, खडू हातात घेतला आणि फळ्यावर काय लिहायचं ते काही केल्या सुचेना.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी यांना गोष्ट सांगितली. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. गोष्टीबिष्टी वाचण्यातले नव्हेत, वर्तमानपत्र वाचतात ते त्यातल्या चुका शोधायला. पण त्यांनी बिस्कीट बुडवायचं थांबवलं.

“म्हणजे वीजबिल नाही,” ते म्हणाले.

“अहो, तुम्हाला चेष्टाच सुचते. सांगा बघू, चौदाव्या वर्षी तुमची कुठली आठवण नेली असती?”

“सिंहगड. सायकलनं पायथ्यापर्यंत गेलो होतो, मित्राला मागे बसवून. येताना पंक्चर, मग खडकवासल्यापासून चालत.”

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. मी माझी शोधू लागले आणि मला काही सापडेना. चौदावं वर्ष म्हणजे माझी नववी. संस्कृतच्या तासाला पुढच्या मुलीच्या वेणीला लावलेली रिबन दिसली, कंपासपेटीचं वाकडं झाकण दिसलं, आणि पुढे काही नाही. उजळ असं काहीच नाही. घरात कोणी आजारी नव्हतं, दुःख नव्हतं, सुट्टीत कुठेतरी गेलोही असू. मी कपबशा विसळल्या, कुकर लावला, पण डोक्यात तेच चाललेलं. एका पोरकट पुस्तकानं मला असं आत हात घालून चाचपायला लावावं याचा मला राग आला.

बुधवारी बसमध्ये भराभर पानं उलटली. मुलगी डोंगरातून चालत होती, चालतच होती. तो भाग मला कंटाळवाणा वाटला आणि मी बराचसा वरवर वाचला. मग एक म्हातारा येतो. शहरात दिवे लावण्याचं काम आयुष्यभर केलेला. कुठल्या दिव्यात कोणाची आठवण जळते आहे हे त्याला ज्योतीच्या रंगावरून कळतं, आणि रस्त्यानं जाताना तो दिव्यांना नमस्कार करत जातो. ती दहा-बारा पानं मी दोनदा वाचली. इतकं चांगलं लिहिणाऱ्या बाईनं त्याच्या पुढच्याच प्रकरणात दोन राजपुत्र आणावेत आणि मुलीनं या दोघांतला कोण, या विवंचनेत शंभर पानं घालवावीत हे मला अजून उमगलेलं नाही.

“राणी मेली का?” यांनी त्या संध्याकाळी दार उघडताच विचारलं.

“नाही अजून. राजपुत्र आलेत.”

“किती?”

“दोन.”

“मग राणीकडे कोण बघतंय,” ते म्हणाले आणि आत गेले.

गुरुवारी पुस्तक संपलं. मुलगी राजवाड्यातला मुख्य दिवा फोडते, सगळ्यांना आपापल्या आठवणी परत मिळतात आणि शहर अंधारात बुडतं. आता एवढी माणसं अंधारात कशी राहणार, एकदम परत आलेलं ते सगळं कसं झेलणार, ज्यांना विसरूनच बरं वाटत होतं त्यांचं काय, हे सारे प्रश्न लेखिकेनं उभे केले होते. मला वाटलं, आता खरी कादंबरी सुरू होणार. तिनं अंधाराला अर्धं पान दिलं. थोरल्या राजपुत्राच्या चुंबनाला तीन पानं दिली. आणि खाली, दुसरा भाग लवकरच.

मी पुस्तक पलंगावर आपटलं.

लेखी मत लिहायला बसले ते चार वेळा कागद फाडला. चांगलं आहे म्हणावं तर हात अडत होता. वाईट आहे म्हणावं तर तो दिवे लावणारा म्हातारा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी दोन पानं लिहिली. भाषा ढोबळ आहे असं लिहिलं. जादूटोण्याचा आक्षेप फोल आहे असं लिहिलं. ‘घर सोडून जाणे हा सर्व प्रश्नांवरचा सोपा उपाय म्हणून या कादंबरीत दाखवला आहे,’ असं एक वाक्य लिहिलं आणि त्यापुढे ‘तरीही’ लिहून पाऊण पान पुस्तकाच्या बाजूनं. असल्या त्रुटींसकट हे पुस्तक मुलांना विचार करायला लावेल, ते ग्रंथालयात असावं, असा शेवट केला. शुक्रवारी सही करून दिलं. सुटले, असं वाटलं.

पुढच्या मंगळवारी ग्रंथालयाच्या दारावर सूचना लागली. समितीच्या अभिप्रायानुसार अमुक पुस्तक मागे घेण्यात येत आहे. खाली अवतरणात, माझ्या नावानिशी, माझं वाक्य होतं, घर सोडून जाण्याचं. फक्त तेवढंच.

मी तडक केबिनमध्ये गेले.

“मी पुढे ‘तरीही’ लिहिलं होतं. त्यानंतर पाऊण पान आहे.”

“वाचलं मी. छान लिहिता तुम्ही,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. “पण पालकांना हो की नाही एवढंच हवं असतं. तुमचं दोन्ही होतं. मग मला एक निवडावं लागलं.”

त्यांचा आवाज शांत होता. मी बाहेर आले तर ग्रंथालयाच्या दाराशी नववीतली एक मुलगी ती सूचना वाचत उभी होती. माझ्याच वर्गातली, खिडकीशी बसणारी. आदल्या वर्षी तिची आई वारली होती, तेव्हापासून निबंध सहा ओळींच्या वर जात नव्हते. मला बघून ती बाजूला झाली नाही.

“मिस, तुम्ही वाचलंत हे पुस्तक?”

“वाचलं.”

“नाही आवडलं?”

“अर्धं आवडलं.”

“कुठलं अर्धं?”

“तो म्हातारा. दिव्यांना नमस्कार करणारा.”

तिचा चेहरा जरा सैल झाला, मग पुन्हा आवळला. “पण तुम्ही लिहिलंय की तिचं पळून जाणं सोपं आहे. सोपं नाहीये ते. तिच्या पायांना फोड येतात. चाळीस पानं ती नुसती चालते, आणि तिला सारखं परत जावंसं वाटतं. ते तुम्ही वाचलंत ना?”

ती पानं मी बुधवारी कंटाळून उलटली होती.

“तक्रार माझ्या पप्पांनी केलीय,” ती म्हणाली. “मी त्यांना म्हणाले, तुम्ही राणीची माणसं आहात. त्यांना कळेना मी काय बोलतेय. मग त्यांनी माझ्या बॅगेत पुस्तक शोधलं आणि आत्येभावाकडून गोष्ट समजून घेतली.”

“असं का म्हणालीस त्यांना?”

“आईचं सगळं काढून टाकलं त्यांनी. साड्या, मोबाईल, फ्रिजवरचा फोटो. आत्या म्हणाली, पोरीची दहावी येतेय, डोळ्यांसमोर राहिलं तर अभ्यास होणार नाही.” घंटा झाली. ती दोन पावलं गेली आणि वळली. “मी पाच वेळा वाचलंय ते. राजपुत्रांचं सोडून.”

त्यानंतरचे चार-पाच दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. भाजी चिरताना, वह्या तपासताना ते वाक्य समोर यायचं. वाक्य खोटं नव्हतं, मला तसं वाटलंच होतं. पण न वाचलेल्या चाळीस पानांवर मी ते लिहिलं होतं, माझ्या सहीनं ते दारावर लागलं होतं, आणि त्या मुलीच्या हातून तेवढं एक पुस्तक काढून घेतलं गेलं होतं. मी दुसरं मत लिहून नेलं. ते पान प्रिन्सिपल मॅडमनी फाइलला लावलं आणि विषय संपला आहे असं सांगितलं.

शनिवारी मी अप्पा बळवंत चौकात जाऊन त्याच पुस्तकाची प्रत विकत घेतली.

“मुलीला दे, मिटलं,” हे म्हणाले.

“तिला पाठ आहे ते. वाचायला हवंय तिच्या वडिलांनी.”

“ते वाचणार इंग्रजी?”

“नाही वाचणार. मी सांगणार.”

यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “राजपुत्र गाळ,” एवढंच म्हणाले.

मुलीच्या वडिलांचं खराडीत वसतिगृह होतं, आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलांसाठी. चार मजली इमारत, त्यांच्याच ज्वारीच्या वावरात उभी केलेली. खाली त्यांचं ऑफिस, भिंतीवर खोल्यांच्या किल्ल्यांचा फळा. सोमवारी शाळा सुटल्यावर मी तिथे गेले. ते जेवत होते. मला बघून डबा झाकला आणि उभे राहिले.

“या मॅडम, बसा. पोरीनं काय केलं का?”

“काही नाही. हुशार आहे ती. मी या पुस्तकाबद्दल आलेय.”

पुस्तक पाहताच त्यांचा चेहरा बदलला. “त्याचा निकाल लागला की. तुमीच लिवलं व्हतं न्हवं, वंगाळ हाय म्हणून?”

“तसं नव्हतं लिहिलं. तुम्हाला दहा मिनिटं वेळ असेल तर मी गोष्ट सांगते. मग तुम्ही ठरवा.”

तेवढ्यात पाठीवर सॅक घेतलेला एक मुलगा किल्ली मागायला आला, ती त्यांनी दिली आणि खुर्चीत बसले. मी सांगायला लागले. आयुष्यभर मुलांना धडे समजावून सांगितले, पण त्या दिवशी मी सुरुवातच दोनदा केली. तेल नसलेलं राज्य, आठवणींवर जळणारे दिवे, चौदावं वर्ष. सुरुवातीला ते मोबाईलकडे बघत होते. राणीची माणसं आईची आठवण न्यायला येणार इथे मी पोचले तेव्हा त्यांनी मोबाईल उलटा ठेवला. फोड आलेल्या पायांनी चालणं मी सावकाश सांगितलं, ते आता मी नीट वाचलं होतं. म्हातारा सांगितला. राजपुत्र गाळले.

“आई भेटती का शेवटाला?” त्यांनी विचारलं.

“आई नाही भेटत. तिची आठवण मुलीपाशीच राहते.”

ते उठून किल्ल्यांच्या फळ्याकडे गेले. एक-दोन किल्ल्या उगाच या खिळ्यावरून त्या खिळ्यावर केल्या. मग परत येऊन टेबलाचा खण उघडला. आत पावत्यांच्या वहीवर एक फोटो होता. कठड्याला टेकून हसणारी बाई, कडेवर दोन-तीन वर्षांची मुलगी. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात फ्रिजला लावायचा लोहचुंबक अजून तसाच चिकटलेला.

“टाकला न्हाई मी,” ते म्हणाले. “साड्या भनीकडं हायेत, त्या बी ठेवल्यात. ह्यो फोटू दिसला की पोरगी ताट सोडून उठायची. रोज. मग काढला.”

“आणि तुम्ही?”

“मी हितंच जेवतो.”

झाकलेल्या डब्याकडे माझं लक्ष गेलं. त्यांना चार शब्द सुनवायचे असा बेत करून मी सकाळी बसमध्ये बसले होते. शब्दही जुळवून ठेवले होते. त्यांतला एकही आता उपयोगाचा नव्हता.

“हे तिला माहीत आहे का?” मी विचारलं.

“कसं सांगायचं? ती माझ्याशी बोलत न्हाई, आन् मला तिचं विंग्रजी पुस्तक येत न्हाई.” त्यांनी खण लावला. पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं वर-खाली केलं. “ह्ये ठेवून जा. बघतो.”

बघतो म्हणजे काय, हे मी घरी येईपर्यंत स्वतःला विचारत राहिले. मी एका परक्या घरात शिरले होते, तेही अशा पुस्तकाचा हात धरून, जे मला धड आवडलंही नव्हतं. त्या माणसानं माझं मनापासून ऐकलं की माझ्या भिडेखातर, तेही कळेना. पुढचे पंधरा दिवस वर्गात ती मुलगी खिडकीशी बसून राहायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

मग एका निबंधात, ‘माझा आवडता छंद’ या विषयावर, तिनं दीड पान लिहिलं. पप्पांना रोज संध्याकाळी एक पुस्तक मराठी करून वाचून दाखवते, असं त्यात होतं. पप्पांना घोड्यांचं वर्णन आवडतं. बाकीच्या वेळी ते पेंगतात. पण आईचा भाग आला तेव्हा पेंगले नाहीत, उठून ऑफिसमध्ये गेले आणि फोटो घेऊन आले. फोटो आता फ्रिजवर आहे आणि आम्ही दोघं तिथेच जेवतो, असं लिहून तिनं परिच्छेद बदलला होता. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही, नुसती सही केली.

वही परत देताना मी तिला विचारलं, “राजपुत्रांचं काय केलंस?”

“गाळले, मिस. पण पप्पांना संशय आलाय. मध्येच शंभर पानं कुठे गेली म्हणून विचारत होते.”

तिच्या वडिलांनी नंतर शाळेत येऊन तक्रार मागे घेतली. पुस्तक ग्रंथालयात परत आलं नाही. एकदा मागे घेतलेलं परत ठेवायचं तर नवी सभा लागते, आणि सभा वर्षातून एकदा. त्या सभेत मी विषय काढला, पुढच्या वर्षीही काढला. ते केबिनमधल्या कपाटात होतं, मी निवृत्त झाले तेव्हाही तिथेच होतं.

दहावीच्या निकालानंतर ती मुलगी पेढे घेऊन आमच्या घरी शनिवार पेठेत आली, वडिलांच्या स्कूटरवरून. वडील वर आले नाहीत, खाली गाडीपाशी थांबले. तिनं बरोबर दुसरा भाग आणला होता, मला वाचायला. मी तो आठवडाभरात वाचला. पहिल्यापेक्षा वाईट होता. राजपुत्र तीन झाले होते आणि म्हाताऱ्याला लेखिकेनं अकराव्या पानावर मारून टाकलं होतं. मी फोन करून तिला स्पष्ट सांगितलं.

“मलाही राग आला,” ती म्हणाली. “मी तर ते पान पप्पांना वाचूनच दाखवलं नाही. त्यांच्यासाठी तो अजून दिवे लावतोय.”